फळांवरील जंतुनाशक : नाकावर किती विसंबावे?

कापलेल्या फळांचा बंद डबा उघडावा आणि पपईच्या वासाआधी पोहण्याच्या तलावाची आठवण करून देणारा उग्र दर्प नाकात शिरावा, हा अनुभव कदाचित तुम्हालाही आला असेल. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या अनेक घरांत आता दोनच वृद्ध माणसे राहतात. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात असतात आणि तिथून फोनवर मागवलेली फळे काही मिनिटांत आईवडिलांच्या दारात येतात. कलिंगड कापण्याची ताकद मनगटात उरली नसेल, तर ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण त्या दर्पामुळे मनात किंतू येतो आणि दवाखान्यात विचारणा होते : "डॉक्टर, औषध मारलेले फळ पोटात गेले तर काय होईल?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "आणि वास येत नसेल, तर निर्धास्तपणे खायचे ना?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा धीर देणारे आहे. दुसऱ्याचे तसे नाही, आणि हा लेख प्रामुख्याने त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहीत आहे.

'सॅनिटायझर' म्हटले की आपल्याला हाताला चोळायचे मद्यार्काचे द्रावण आठवते. फळांच्या कारखान्यात मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. फळ धुण्याच्या पाण्यात मिसळायचे आणि फळाला लागणारी यंत्रे, पट्टे, सुऱ्या, क्रेट स्वच्छ करायचे जंतुनाशक, असा त्याचा तिथे अर्थ आहे. धुण्याच्या पाण्यात बहुधा सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रवरूप क्लोरीन, वापरतात; त्याचे प्रमाण साधारणतः ५० ते २०० पीपीएम असते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. काही ठिकाणी पेरासेटिक ॲसिड वापरले जाते. त्याला व्हिनेगरसारखा झणझणीत वास असतो आणि त्याचे विघटन होऊन शेवटी ॲसेटिक ॲसिड, पाणी व प्राणवायू उरतो. यंत्रे आणि टेबले पुसण्यासाठी मात्र अनेकदा तिसऱ्याच गटातली द्रव्ये असतात. बेंझालकोनियम क्लोराइड हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. धंद्यातली माणसे या गटाला 'क्वाट' म्हणतात. आपणही इथे तेच नाव घेऊ.

एवढी रसायने कशाला, नुसत्या पाण्याने धुवावे की, असे तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अमेरिकेत २०११ साली मिळाले, आणि त्याची किंमत मुख्यतः वृद्धांनी मोजली. कोलोरॅडो राज्यातील एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरिया या जंतूची साथ पसरली. १४७ जणांना लागण झाली व ३३ जण दगावले. आजारी पडलेल्यांपैकी निम्मे लोक ७८ वर्षांच्या पुढचे होते. त्या ठिकाणी खरबुजे धुण्याची नवी यंत्रणा बसवली होती. यंत्र नीट साफ करता येण्याजोगे नव्हते आणि धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक घातले जात नव्हते. हौदातल्या पाण्याचा हाच धोका असतो. एक फळ दूषित असले तर त्याचे जंतू पाण्यात उतरतात आणि मागून येणाऱ्या शेकडो फळांना लागतात. जंतुनाशकाचे खरे काम फळ निर्जंतुक करण्याचे नाही, पाण्याला रोगाचे वाहन होऊ न देण्याचे आहे. म्हणून माझ्या वयस्कर रुग्णांना मी प्रथम हे सांगतो की, कापलेल्या फळातल्या क्लोरीनच्या पुसट अंशापेक्षा त्यातल्या जंतूंची भीती अधिक बाळगा. त्यातही ज्यांना मधुमेह आहे, जे स्टेरॉइड घेतात किंवा सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी घेण्याचा ज्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे, त्यांनी तर फारच. जठरातील आम्ल हा अन्नातल्या जंतूंना अडवणारा पहिला दरवान असतो आणि त्या गोळीमुळे तो अर्धवट झोपलेला असतो.

आता त्या दर्पाकडे वळू. क्लोरीन अतिशय चंचल आहे. पाण्यातील माती, फळाचा रस, साल अशा कोणत्याही सेंद्रिय पदार्थाशी त्याचा चटकन संयोग होतो आणि तो खर्ची पडतो; बराचसा भाग शेवटी आपल्या मिठात असते त्या क्लोराइडच्या रूपात जातो. म्हणूनच कारखान्यात हौदातले क्लोरीन दिवसभर पुन्हा पुन्हा मोजावे लागते. सकाळी योग्य असलेले प्रमाण दोनशे किलो अननस धुऊन झाल्यावर शून्यावर आलेले असू शकते, आणि अंदाजपंचे ओतत राहिले तर भलतेच वाढलेलेही असू शकते. मोजण्याची पद्धत साधी आहे. कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. गावाकडे राहिलेल्या वाचकांना विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर आरोग्य सेवक करीत असलेली ओटी टेस्ट आठवत असेल. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पाणी पिवळे होई आणि त्यावरून क्लोरीन किती आहे ते कळे. तत्त्व तेच.

मात्र फळांच्या बाबतीत अशी तपासणी दोन ठिकाणी हवी, आणि अनेकांच्या लक्षात पहिलीच राहते. धुण्याच्या हौदात क्लोरीन पुरेसे आहे की नाही, ही पहिली. शेवटी पिण्यायोग्य पाण्याने फळ खळखळून घेतल्यावर त्यावरून निथळणाऱ्या पाण्यात ते किती उरले, ही दुसरी. अमेरिकेच्या अन्न नियमांत हायपोक्लोराइटने धुतलेले फळ नंतर पिण्याच्या पाण्याने धुवावे, असे सांगितले आहे. पेरासेटिक ॲसिड धुण्याच्या पाण्यात ८० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, असेही बंधन आहे. निथळणाऱ्या पाण्यातले क्लोरीन नळाच्या पाण्याइतके आले की काम झाले. आपल्या नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत किमान ०.२ पीपीएम क्लोरीन शिल्लक असावे, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली मर्यादा ५ पीपीएम आहे. पावसाळ्यात उल्हास नदी गढूळ झाली की कल्याण-डोंबिवलीच्या नळाला जो वास येतो, तो प्यालेले आपण सगळे ठणठणीत आहोतच. तेव्हा डबा उघडताच क्षणभर आलेला आणि दोन मिनिटांत विरलेला वास विषबाधेची खूण नाही. वास विरतच नसेल, जिभेला चुरचुरत असेल, तर मात्र शेवटचे धुणे झालेले नाही असे समजून ते फळ बाजूला ठेवावे.

आणि आता दुसरा प्रश्न. ज्याला वास येतो ते क्लोरीन उडून जाते. क्वाट गटातली द्रव्ये तशी उडून जात नाहीत. त्यांना स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो आणि ती पृष्ठभागाला चिकटून बसतात. यंत्र पुसण्यासाठी ती सोयीची ठरतात, त्याचे एक कारण हेच. पट्टा किंवा क्रेट त्यांनी पुसला आणि नंतर पाण्याने धुतला नाही, तर त्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक फळाला त्यांचा सूक्ष्म लेप लागतो. क्लोरीनच्या पट्टीला त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी वेगळी पट्टी लागते, आणि फळावर नेमके किती उरले ते पाहायचे तर प्रयोगशाळेतील महागड्या यंत्राशिवाय गत्यंतर नाही.

याची प्रचिती युरोपला २०१२ मध्ये आली. जर्मनीत फळे-भाज्यांच्या नमुन्यांत या गटातील एका द्रव्याचे अंश सापडले; शोध सुरू केल्यावर ते अनेक ठिकाणी आढळू लागले. कोणी फळात मुद्दाम घातले नव्हते. पुढे २०१४ मध्ये युरोपीय संघाने बेंझालकोनियम क्लोराइड व त्याच्या भावंडासाठी किलोला ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली.

आपल्या महाराष्ट्राने असाच धडा त्याआधी दोन वर्षे, वेगळ्या रसायनाच्या निमित्ताने घेतला होता. २०१० च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. हे जंतुनाशक नव्हे, वेलीची वाढ आटोक्यात ठेवणारे औषध आहे. पण गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी त्या वेळीही होत होती, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा होती. फक्त तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नाव नव्हते. यंत्र कितीही सूक्ष्म असो, जे शोधायला सांगितले तेच ते शोधते. नंतर ते यादीत आले. निर्यातीच्या द्राक्षाला असा अहवाल जोडावाच लागतो. वाशीच्या बाजारातून आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवर येणाऱ्या द्राक्षाच्या पेटीला तो नसतो, हेही आपण जाणतो.

या सगळ्यात वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की ६५ ते ८० या वयातील निम्म्याहून अधिक माणसांची आणि ऐंशीनंतर तीनचतुर्थांशांहून अधिक माणसांची घ्राणशक्ती बरीच मंदावलेली असते. बहुतेकांना स्वतःला त्याची जाणीव नसते. "हल्ली भाजीला पूर्वीची चव राहिली नाही" एवढेच ते म्हणतात. म्हणजे जे नाकाला कळू शकते तेही ज्यांना सर्वाधिक जपायचे त्यांना कळत नाही. तुम्ही घरी कुणाची शुश्रूषा करीत असाल, तर डबा त्यांच्या हाती देण्यापूर्वी तो तुम्ही उघडा, वास तुम्ही घ्या, एक फोड तुम्ही खाऊन पाहा. ठेवलेले फळ आंबले आहे का, हेही त्यातच कळेल.

कारखान्याविषयी इतके लिहिले खरे. पण माझ्या अनुभवात जंतुनाशकाचा त्रास झालेले रुग्ण आले ते कारखान्यातल्या फळामुळे नव्हे, घरच्या मोरीतल्या बादलीमुळे. २०२० च्या टाळेबंदीत हा प्रकार शिगेला पोहोचला होता. त्या मे महिन्यात अमेरिकेत ५०२ प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १९ टक्क्यांनी फळे-भाज्या वा इतर खाद्यपदार्थ ब्लीचने धुतल्याचे सांगितले. आपल्याकडे कोणी मोजले असते, तर आकडा फार निराळा आला असता असे मला वाटत नाही. माझ्याकडे डोंबिवलीच्या एका सत्तरी ओलांडलेल्या आजींना आणले होते. जिभेची आग, घशाशी जळजळ, मळमळ. घरी द्राक्षे रोज अर्धा तास 'निर्जंतुक' केली जात होती. बाटली मागवून पाहिली तर ते फरशी व टेबले पुसण्याचे क्वाटचे द्रावण निघाले, तेही पाणी न मिसळता वापरलेले. द्राक्षांना कसलाही वास नव्हता. आजी दोन दिवसांत बऱ्या झाल्या. सुनेचा हेतू चांगला होता आणि त्या काळात आपण सारेच घाबरलेलो होतो.

त्याच काळात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जो सल्ला दिला होता, त्यात फळे-भाज्यांसाठी ५० पीपीएम क्लोरीनचा उल्लेख होता; साबण, जंतुनाशक द्रावणे व पुसण्या वापरू नयेत, हेही स्पष्ट लिहिले होते. लोकांनी पहिला भाग ध्यानात ठेवला, दुसरा सोडून दिला. आणि ५० पीपीएम हा आकडा घरात साधणे किती अवघड आहे, ते गणित करून पाहा. रुग्णालयात सांडलेले रक्त पुसायला आम्ही १ टक्का हायपोक्लोराइट वापरतो. ते झाले १०,००० पीपीएम. बाजारातल्या ब्लीचच्या बाटलीत ४ टक्के असेल, तर ५० पीपीएमसाठी त्याचे १० मिलिलिटर आठ लिटर पाण्यात मिसळावे लागतील. प्रत्यक्षात आपण दोन लिटरच्या पातेल्यात एक टोपण ओततो. टोपण वीस मिलिलिटरचे धरले, तर ते होतात सुमारे ४०० पीपीएम, म्हणजे आठपट. शिवाय त्या बाटल्यांपैकी कित्येकांत सुगंध आणि फेस आणणारी द्रव्ये असतात, जी पोटात जाण्यासाठी बनवलेली नसतात.

बाटली जुनी असेल तर आणखी वेगळा प्रश्न. हायपोक्लोराइट उन्हाने आणि उष्म्याने हळूहळू निकामी होते. त्याचा जोर कमी होत जातो आणि त्यात क्लोरेट नावाचे द्रव्य साठत जाते. हे क्लोरेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये याकडे लक्ष वेधले आणि २०२० मध्ये तिथे अन्नपदार्थांसाठी क्लोरेटच्या मर्यादा ठरल्या. क्लोरेटलाही वास नाही. आपल्या गॅलरीत एप्रिल-मेचे ऊन खाऊन पडलेल्या बाटलीत जंतुनाशक उरलेले असते थोडे आणि नको असलेले द्रव्य अधिक. कारखान्यातही बाटली किती जुनी आणि कुठे ठेवलेली, हा तपासणीचाच भाग असतो.

म्हणून घरी फळांसाठी ब्लीच, क्वाट, हातांचे सॅनिटायझर, साबण यांतले काहीही वापरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहत्या नळाखाली फळ हाताने चोळून धुवा. खरबूज, कलिंगड, आंबा, पेरू यांच्या सालीवर मऊ ब्रश फिरवा आणि हे कापण्यापूर्वी करा, नाहीतर सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात जातात. द्राक्षे घोसातून सुटी करून चाळणीत धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवण्याची आपली जुनी रीत घातक नाही; कीड बाहेर पडते, जंतू मात्र फारसे मरत नाहीत. खाण्याच्या सोड्याविषयी अनेकजण विचारतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग केला होता, त्यात सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर दोन कीडनाशके पृष्ठभागावरून निघून गेली. तो कीडनाशकांचा प्रश्न होता, जंतूंचा नव्हे. आणि एक सक्त मनाई : ब्लीचच्या पाण्यात चुकूनही लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा वायू सुटतो. दम्याच्या रुग्णाला बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

विकत घेतलेली कापलेली फळे घरी येताच शीतकपाटात ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तो असतोच. डब्यावर जंतुनाशकाचा वास जाणवला तर फोडी चाळणीत घेऊन पिण्याच्या पाण्याने एकदा धुवायला हरकत नाही. पण स्टेशनबाहेरच्या बर्फाच्या लादीवर मांडलेल्या प्लेटला असा काही उपाय नाही. ती खाऊ नये.

विस्मरणाचा आजार असलेले माणूस घरात असेल, तर ही सारी चर्चा बाजूला ठेवून आधी मोरीतल्या बाटल्या पाहा. सुटे फिनेल, ब्लीच किंवा फरशीचे द्रावण पाण्याच्या वा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तहान लागलेले, गोंधळलेले माणूस बाटली पाहते, त्यातले द्रव पाहत नाही. असे काही पोटात गेलेच तर उलटी करवू नका, लिंबूपाणी पाजू नका. तोंड पाण्याने धुवा आणि बाटलीसह थेट रुग्णालय गाठा. आत काय होते हे कळले तर पुढचे उपचार नेमके होतात.

तुमचे आप्त वृद्धाश्रमात असतील, किंवा सोसायटीत बचत गटाकडून डबे येत असतील, तर तिथल्या स्वयंपाकघराला हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे : फळे कशात धुता, ते मोजता का, शेवटी साध्या पाण्याने धुता का, आणि ओटा-सुऱ्या ज्याने पुसता त्याच्या बाटलीवर खाद्यपदार्थांच्या जागी वापरण्यास योग्य असे लिहिले आहे का. घरगुती स्वयंपाकघराला क्लोरीनच्या पट्ट्यांची गरज नाही. रोज पन्नास ताटे वाढणाऱ्याने मात्र दोन डब्या आणून ठेवाव्यात, एक जास्त प्रमाणाची आणि एक शेवटच्या पाण्यासाठी कमी प्रमाणाची.

बाजारातल्या बंद डब्याबद्दल खरोखर शंका आली, तर तो फेकून देऊ नका. झाकण लावून शीतकपाटात ठेवा, बिल जपा, डब्यावरचा १४ आकडी परवाना क्रमांक लिहून घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. कोकण विभागाचे कार्यालय ठाण्यातच आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून खाद्यपदार्थ तपासून घेऊ शकतो, आणि पदार्थ नियमबाह्य ठरला तर ते शुल्क परत मिळते. मात्र आपण तपासणी करून घेणार आहोत, हे विक्रेत्याला खरेदी करतानाच सांगावे लागते. तेव्हा तपासणी करायचीच असेल, तर घरातल्या उघड्या डब्यावर न थांबता दुसरा, सीलबंद डबा तसे सांगून विकत घ्या. आणि अर्जात 'वास येतो' एवढेच लिहू नका. क्लोरीन आणि क्वाट या दोन्हींचे उर्वरित अंश तपासावेत, असे नावानिशी लिहा.